बडोद्याहून पहिल्यांदाच थायलंडला: शहर, देवळं आणि समुद्र एका सुट्टीत कसं बसवायचं

थायलंड म्हटलं की आपल्या बडोद्यात अजूनही दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे दांडिया बाजारातल्या कुठल्यातरी काकांचं ते मिश्कील 'हं, बँकॉक का', आणि दुसरी म्हणजे 'अगं आमच्या ओळखीचा टूरवाला आहे ना, चार रात्री पाच दिवस, बँकॉक-पट्टाया, गुजराती जेवण इन्क्लूडेड'. दोन्हीत थायलंड फारसं नसतंच. हे लिहितेय ते त्यांच्यासाठी ज्यांना पहिल्यांदाच देशाबाहेर जायचंय, बरोबर मुलं आहेत नाहीतर आई-बाबा आहेत, सगळं स्वतः ठरवून करायचंय आणि एकाच ट्रिपमध्ये मोठं शहरही बघायचंय, देवळं-इतिहासही हवाय आणि शेवटी समुद्रावर नुसतं पडूनही राहायचंय. जमतं सगळं, फक्त यादी छोटी ठेवा. नऊ-दहा दिवसांत बँकॉक, चियांग माई, पट्टाया, फुकेत, क्राबी सगळं कोंबलं तर अर्धी सुट्टी बॅगा भरण्यात आणि एअरपोर्टच्या लाइनीत जाते. पहिल्या वेळी दोनच मुक्काम करा, बँकॉक आणि एक किनारा, मधे एक दिवस अयुथ्या ही जुनी राजधानी, बस. चियांग माई छानच आहे पण ते उत्तरेला, समुद्राच्या बरोबर उलट्या दिशेला, ते पुढच्या वेळी.

आणि क्रम हाच ठेवा, आधी शहर मग समुद्र. समुद्रावर चार दिवस लोळून आल्यावर बँकॉकच्या उन्हात देवळं बघत फिरायचा उत्साह कोणातच उरत नाही.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

लोक आधी स्वस्त तिकीट शोधतात आणि नंतर हवामान बघतात, इथेच घोळ होतो. थायलंडला दोन समुद्र आहेत आणि दोघांचा पावसाळा वेगळा आहे. पश्चिमेला अंदमान समुद्र, म्हणजे फुकेत, क्राबी, फी फी, तिथे साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेलं पाणी, नोव्हेंबर ते एप्रिल मस्त. पूर्वेला थायलंडचं आखात, म्हणजे को सामुई, को फांगान, को ताओ, तिथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट.

आता हे आपल्या सुट्ट्यांना लावून बघा. नवरात्रात तर प्रश्नच नाही, गरबा सोडून बडोद्याचा माणूस कुठे जातो! दिवाळीला गुजरातच्या शाळांना एकवीस दिवस मिळतात, तेव्हा क्राबीकडे जा, सामुईला नको. दिवाळी ऑक्टोबरमध्येच आली असेल तर सुट्टीचा उत्तरार्ध पकडा, तोवर पाऊस ओसरायला लागलेला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत उलटं, तेव्हा सामुईची बाजू बरी. मे मध्ये बँकॉकला घाम निघतो पण बडोद्याच्या मे महिन्यातून जाणाऱ्याला ते काय नवीन, फक्त तिथे दमट जास्त. नाताळ-न्यू इयर टाळलेलं बरं, हवा सुरेख असते पण हॉटेलांचे भाव डोळे पांढरे करतात. एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रान असतं, त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यारस्त्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या आणि बादल्या, मुलं खूश होतील, आजीला मात्र हॉटेलमध्येच बसावं लागेल.

दिवाळीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपली त्रिपुरी पौर्णिमा आणि त्यांचं लॉय क्रथाँग बहुतेक वर्षी एकाच रात्री येतं. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं, फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून ते छोटं क्रथाँग नदीत सोडतात. पौर्णिमा शाळेच्या सुट्टीत बसत असेल तर बँकॉकचे दिवस तिच्या आसपास ठेवा, नदीकाठच्या घाटावर पन्नास-शंभर बाटात (बाट म्हणजे तिथलं चलन) तयार क्रथाँग मिळतं, मुलांच्या हातून सोडायचं.

कागदपत्रं: आधी नावं तपासा

पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, हे सगळे सांगतात. जे कोणी सांगत नाही ते म्हणजे आपल्या गुजरातेतल्या 'भाई' आणि 'बेन'चं काय. आपण मराठी असलो तरी शाळेच्या दाखल्यावर, लाइटबिलावर, बँकेत कुणीतरी प्रेमाने सुनंदाचं सुनंदाबेन करून ठेवलेलं असतं, मग तेच पासपोर्टवर जातं, आणि तिकीट काढताना घरातलं कोणीतरी नुसतं सुनंदा टाकतं. विमानाचं तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरन् अक्षराप्रमाणे हवं. सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर उघडे ठेवा आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. लग्नाआधीचं आडनाव, मधलं नाव नवऱ्याचं की वडिलांचं, हेही तेव्हाच बघून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तिकीट काढायच्या आधीच विमान कंपनीला विचारा, नंतर नाव बदलायचा चार्ज तिकिटाच्या जवळपास जातो.

व्हिसाचं म्हणाल तर थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहायची सवलत लागू केली. पण हे नियम सरकार बदललं की बदलतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यावर विसंबू नका, तिकिटाचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी थाई दूतावासाच्या वेबसाइटवर एकदा बघाच. त्याशिवाय १ मे २०२५ पासून थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. फुकट हा शब्द लक्षात ठेवा, कारण सर्च केलं की वर सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट्स येतात. लहान मुलांचंही वेगळं भरायचं. परतीचं तिकीट, हॉटेलची बुकिंग आणि थोडी रोख हाताशी ठेवा, इमिग्रेशनवाला बहुतेक वेळा विचारत नाही पण विचारलं तर मोबाइलचं चार्जिंग संपलेलं नको. प्रिंट काढा, रावपुऱ्यात दोन रुपयात निघते.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, विशेषतः आई-बाबा बरोबर असतील तर, आणि बीपी-शुगर आहे हे फॉर्ममध्ये लपवू नका, लपवलं की क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हँडबॅगेत.

अहमदाबाद की मुंबई

बडोद्याच्या हरणी एअरपोर्टवरून दिल्ली-मुंबई मिळते, पुढे बदलायचं. पण अहमदाबादहून बँकॉकला सरळ विमानं आहेत, चार-साडेचार तासांचा प्रवास, आणि एक्सप्रेसवेने अहमदाबाद एअरपोर्ट आपल्याला दोन-अडीच तासांवर, त्यामुळे मुंबईचं तिकीट हजार-दोन हजाराने स्वस्त दिसलं तरी ट्रेन, टॅक्सी आणि ती दगदग धरून हिशोब करा. बहुतेक विमानं रात्रीची असतात. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे तुम्ही तिथे सकाळी उतरणार आणि हॉटेलची रूम दुपारी दोनला मिळणार. सामान रिसेप्शनवर ठेवून देतात, पण जागरण झालेल्या मुलांना घेऊन पहिल्या दिवशी राजवाडा वगैरे ठरवू नका. खायचं, जवळपास फिरायचं, झोपायचं.

बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, शहराच्या दोन टोकांना. पुढे क्राबीचं विमान काढताना ते कुठून सुटतं ते नीट बघा. एकावर उतरून त्याच दिवशी दुसऱ्यावरून उडायचं असेल तर मधे पाच-सहा तास तरी ठेवा, बँकॉकचा ट्रॅफिक आपल्या अलकापुरीच्या ट्रॅफिकची टिंगल करायला लावेल असा आहे. आणि स्वस्त विमानात चेक-इन बॅग वेगळी विकत घ्यावी लागते, ती ऑनलाइनच घ्या, काउंटरवर फार महाग पडते. थेपले, खाकरा, लीलो चेवडा यांचं वजनही बॅगेतच मोजलं जातं बरं का.

पैसे

एका बाटला अडीच-तीन रुपये धरून चाला, नक्की रेट निघायच्या वेळी बघा. रुपयातली रोख भारताबाहेर माणशी २५,००० पर्यंतच नेता येते. माझ्या मते सगळ्यात सोपं म्हणजे थोडे बाट इथून घेऊन जायचे, बाकी फॉरेक्स कार्डवर, आणि आणीबाणीला थोडे डॉलर. तिकडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेवीस बाटच्या आसपास चार्ज कापतात, म्हणून रोज थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काय ते काढा. मशीन विचारतं की रुपयात कन्व्हर्ट करून देऊ का, तर 'नको' म्हणायचं, त्यांचा रेट नेहमी आपल्या तोट्याचा असतो. दुकानात कार्ड स्वाइप करतानाही तेच.

पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो इन्कम टॅक्सचा रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. स्वतः विमान आणि हॉटेल वेगवेगळं बुक करण्याचा हाही एक फायदा.

बँकॉकचे दिवस

हॉटेल शोधताना पूल आणि ब्रेकफास्टचे फोटो नंतर बघा, आधी मॅप उघडा आणि बीटीएस किंवा एमआरटी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांत आहे का ते बघा. बीटीएस म्हणजे वरून धावणारी स्कायट्रेन, एमआरटीची शहराच्या मध्यातली लाइन बहुतेक जमिनीखालून. सुवर्णभूमीहून शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक आहे, शेवटच्या स्टेशनपर्यंत ४५ बाट, पण चौघंजणं आणि सहा बॅगा असतील तर टॅक्सीच बरी. टॅक्सीवाल्याला मीटर टाकायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरी बघा, किंवा ग्रॅब नाहीतर बोल्ट अ‍ॅप वापरा. टुकटुक एकदा मजा म्हणून, आधी भाव ठरवून.

पहिला खरा दिवस ग्रँड पॅलेसचा. १७८२ साली पहिल्या रामाने राजधानी इथे आणली तेव्हाचा हा राजवाडा, आणि हो, आत्ताचं चक्री घराणं तेव्हापासूनच आहे आणि राजांना राम पहिला, राम दुसरा असंच मोजतात. तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट, सकाळी साडेआठला उघडतं, साडेतीनला तिकीट बंद. साडेआठलाच पोचा, दहानंतर ऊन आणि चिनी ग्रुप दोन्ही वाढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनाही हाफ पँट चालत नाही, लेगिंग्जवर नुसता टॉपही कधीकधी अडवतात. आपल्या बायकांची सलवार-कुडत्याची सोय इथे उत्तम.

आता एक सांगते ते नीट वाचा. पॅलेसच्या आसपास एखादा सभ्य दिसणारा माणूस, कधी गळ्यात आयकार्ड घातलेला, येऊन सांगेल की आज पॅलेस बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर मी तुम्हाला वीस बाटात टुकटुकने चार देवळं दाखवतो. ही त्यांची कित्येक वर्षांची फसवणूक आहे, टुकटुक शेवटी जाते ती रत्नांच्या नाहीतर सूट शिवायच्या दुकानात. काही उत्तर न देता गेटपर्यंत चालत जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

आतल्या वाट फ्रा केऊ मंदिरात ('वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ) पाचूचा बुद्ध आहे. मूर्ती खरी पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे आणि जेमतेम सव्वादोन फूट, उंच सिंहासनावर, पहिल्यांदा बघणारा म्हणतो 'एवढीच?' पण तिचे कपडे वर्षातून तीनदा बदलतात, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा, आणि ते राजा स्वतः बदलतो. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत भिंतीवर सगळं रामायण रंगवलंय, त्यांचं रामाकिएन, १७८ चित्रं. मुलांना रामायण येत असेल तर इथे अर्धा तास द्या आणि त्यांनाच ओळखायला सांगा. दहा तोंडांचा हिरवा राजा कोण ते लगेच कळतं, पांढरा मारुती सापडतो, सेतू सापडतो, आणि मग गडबड होते कारण तिथला मारुती ब्रह्मचारी नाही, सेतू बांधताना आडवी आलेली मत्स्यकन्या चक्क त्याच्या प्रेमात पडते! आजी बरोबर असेल तर हे तिला तिथे सांगू नका, हॉटेलवर जाऊन सांगा.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर वाट फो. ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच निजलेला बुद्ध, एका फोटोत मावतच नाही. सगळे लोक चेहऱ्याशी गर्दी करतात, तुम्ही पायांशी जा. तळव्यांवर काळ्यावर शिंपल्याच्या जडावाने १०८ मंगल चिन्हं काढली आहेत, आणि पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत १०८ कांस्याच्या वाट्या ओळीने मांडल्या आहेत. वीस बाटात सुट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येकीत एकेक नाणं टाकत जायचं, टण टण टण आवाज सगळ्या हॉलमध्ये चालू असतो. नाणी मधेच संपली तर पुढच्या वाट्यांना नुसता नमस्कार.

वाट फोच्या समोरच्याच धक्क्यावरून नाव पकडून पाच-दहा बाटात नदीपलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपला सूर्याचा सारथी तोच. संध्याकाळी इकडच्या काठावर परत येऊन बघा, मंदिरावर दिवे लागतात तेव्हा ते लांबूनच जास्त छान दिसतं.

एवढं एका दिवसात पुरे. दुसऱ्या दिवशी मॉल, मार्केट, मुलांसाठी मत्स्यालय, ज्याला जे आवडेल ते, यावर मी काय सांगायचं. चिट लोम स्टेशनजवळ एरावानचं ब्रह्मदेवाचं देऊळ जाता जाता बघा, १९५६ साली हॉटेल बांधताना अपघात होत होते म्हणून उभारलेलं. आपल्याकडे ब्रह्मदेवाला देऊळ शोधावं लागतं, तिथे भर चौकात लोक हार घालतायत, नवस फेडायला नर्तकी नाचवतायत.

अयुथ्या एका दिवसात

बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटर. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून चारशेच्यावर वर्षं ही राजधानी होती, १७६७ मध्ये बर्मी सैन्याने जाळली, नंतर राजधानी तिथे परत आली नाही, आधी थोनबुरीला आणि मग बँकॉकला गेली. टूर बसने जाऊ नका, ट्रेनने जा. तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी वीस-पंचवीस बाट, पंखे, उघड्या खिडक्या, दीड-दोन तास, डब्यातून फिरणाऱ्या बायका भात-चिकन, फळं विकतात. स्टेशनसमोरून छोट्या नावेने नदी पार करायची आणि पलीकडे सायकल नाहीतर टुकटुक तासावर घ्यायची.

वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं डोकं आहे, सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं. तिथे फोटो काढताना खाली बसायचं, उभं राहून आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर नेलेलं चालत नाही, रखवालदार सांगतो. बरेचसे बुद्ध बिनडोक्याचे आहेत, ते बघून मुलं प्रश्न विचारतील, तयारीत राहा. दुपारी बारा ते तीन ऊन भयंकर, सावली कमी, टोपी आणि पाण्याच्या बाटल्या हव्यातच. तीन-चार अवशेष बघून परत फिरा, सगळे बघायचा अट्टहास नको, विटांचे ढिगारे पाचव्यानंतर सारखेच वाटायला लागतात.

शाकाहारी मंडळींचं काय

ही चिंता सगळ्यात मोठी असते म्हणून सविस्तर सांगते. तिकडे 'व्हेज' म्हटलं की भाजी दिसते पण सॉस माशाचा असतो, त्याला नाम प्ला म्हणतात आणि तो मिठासारखा सगळ्यात पडतो. पाड थाईत, पपईच्या सलाडमध्ये सुकट असते, करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, भाज्यांवर ऑयस्टर सॉस. म्हणून 'नो मीट' म्हणून भागत नाही.

भागतं ते 'जे' या शब्दाने. हा चिनी-बौद्ध शाकाहार, यात मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही! म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आणि शेजारचं जैन कुटुंब, दोघांची बरीच सोय. 'जे'ची ओळख म्हणजे पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर, लांबून इंग्रजी सतरा लिहिल्यासारखं दिसतं. फूड कोर्टमध्ये एखादा तरी असा स्टॉल सापडतो. 'किन जे' म्हटलं की समोरच्याला कळतं. साध्या दुकानात 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचा सॉस घालू नका, एवढं पाठ करा. नवव्या चिनी महिन्यात नऊ दिवस यांचा 'जे' उत्सव असतो, तेव्हा सगळा फुकेत शाकाहारी होतो, पण बऱ्याच वर्षी तो बरोबर नवरात्रात येतो, म्हणजे तुम्ही गरब्यात.

मँगो स्टिकी राइस, म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा, बिनधास्त खा. केसरशी तुलना करत बसू नका. सेव्हन-इलेव्हनची दुकानं दर कोपऱ्यावर आहेत, दही, फळं, केळी, दूध मिळतं, पण टोस्टेड सँडविच बघून घ्या, बहुतेकात हॅम असतं. बँकॉकला प्रातुनाम आणि सुखुमवितला भारतीय हॉटेलं भरपूर, क्राबीच्या आओ नांगलाही आहेत. रोज तिथेच जेवलात तर थायलंडला जाऊन जेवण काय केलं असं होईल, पण तिसऱ्या दिवशी वरण-भाताची आठवण येते तेव्हा ती आहेत हे बरं वाटतं. रूममध्ये ड्युरियन नेऊ नका, वासामुळे हॉटेलवाले दंड लावतात.

आता समुद्र

आपल्यापैकी बहुतेकांचा समुद्र म्हणजे वलसाडजवळच्या तिथल गावची काळी वाळू, दीव-दमण, फार तर गोवा. क्राबीला पाणी हिरवं-निळं आणि त्यातून सरळ वर उठलेले चुनखडीचे कडे. बँकॉकहून विमानाने सव्वा-दीड तास. एअरपोर्टवरून आओ नांगला शटल व्हॅन मिळते. राहायला आओ नांग सोयीचं, दुकानं, हॉटेलं, डॉक्टर सगळं चालत. रायले जास्त सुंदर, पण तिथे जमिनीवरून रस्ताच नाही, कड्यांमुळे फक्त नावेने जाता येतं. लाँगटेल नाव, ठराविक माणसं जमली की सुटते, माणशी शंभर बाटच्या आसपास, पंधरा मिनिटं. धक्का नसतो, गुडघाभर पाण्यात उतरून चढायचं, त्यामुळे चाकांची मोठी बॅग आणि गुडघेदुखीवाली आई हे दोन्ही असेल तर मुक्काम आओ नांगलाच करा आणि रायलेला दिवसभर जाऊन या.

भरती-ओहोटीची वेळ रोज बघा, हॉटेलवर विचारा. ओहोटीला रायलेच्या पूर्व बाजूला नुसता चिखल उघडा पडतो, नावा काठापर्यंत येत नाहीत. रायलेच्या टोकाला फ्रा नांगची गुहा आहे, तिथे कोळी लोक समुद्रदेवीला लाकडी लिंगं वाहतात, ढीगभर, रंगवलेली. मुलं विचारतील. सांगा नवस आहे.

बेटांची टूर घेताना फोर आयलंड्स किंवा होंग आयलंड पहिल्यांदा जाणाऱ्याला पुरतं. स्पीडबोट आदळत जाते, पाठदुखीवाल्यांनी लाँगटेल घ्यावी. नॅशनल पार्कची फी बहुतेक वेळा टूरच्या पैशांत नसते, रोख बरोबर ठेवा. फी फीच्या माया बेवर एवढी गर्दी झाली होती की २०१८ ते २०२२ ते पूर्ण बंद ठेवलं, आता उघडंय पण पोहायला बंदी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बंदच असतं. पोवळ्यांना मारणारी रसायनं असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून तिथल्या सागरी पार्कांत चालत नाही, ट्यूबवर ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट लिहिलंय का बघा. त्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, टॅनही होत नाही.

कॉर्पोरेशनच्या स्विमिंग पूलमध्ये चार लांब्या मारणारा माणूस समुद्रात तेवढाच सुरक्षित असतो असं नाही. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, गुडघाभरही नाही. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर काठाकडे सरळ झुंजू नका, दमून जाल, काठाला समांतर पोहत बाजूला व्हा, मग बाहेर या. बोटीवर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते बसायच्या आधी बघा, मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

सामुईला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. विमान थेट जातं पण महाग, स्वस्त रस्ता म्हणजे सुरत थानीपर्यंत विमान किंवा रात्रीची ट्रेन, पुढे बस आणि फेरी. सुरत थानी हे नाव १९१५ मध्ये सहाव्या रामाने आपल्या सुरतेवरून दिलं आणि तिथल्या नदीला नाव दिलं तापी! स्टेशनवर सुरतेची घारी मिठाई मात्र मिळत नाही.

स्कूटर. बडोद्याचा माणूस अ‍ॅक्टिव्हावर जन्माला येतो, त्यामुळे भाड्याची स्कूटर बघून हात शिवशिवतातच. गाड्या डावीकडूनच चालतात, पण आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलेलं नसेल तर पोलीस दंड करतात आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. परमिट असेल तर हेल्मेट घालून चालवा, आणि पासपोर्ट दुकानात गहाण ठेवू नका, डिपॉझिट द्या.

काही बारीकसारीक

राजाबद्दल चेष्टा, अगदी मराठीतूनसुद्धा, नको. कायद्यात ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही. देवळात पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ई-सिगारेटला बंदी आहे. गांजाच्या हिरव्या पानाचं चित्र असलेला केक-बिस्कीट मुलांच्या हाती देऊ नका, आणि कुणासाठी गंमत म्हणून घरीही आणू नका, भारतात तो थेट अमली पदार्थांचा गुन्हा आहे. टुरिस्ट पोलीस ११५५, फोनमध्ये सेव्ह करा. आपली दोन गोल पिनांची प्लग तिथे बहुतेक ठिकाणी बसते, तीन पिनांसाठी अडॅप्टर लागतो.

परतीचं विमान बँकॉकहून असेल तर आदल्या रात्री बँकॉकला या. बेटावरून त्याच दिवशी फेरी, मग विमान, मग दुसरं विमान अशी साखळी लावली आणि हवा बिघडून फेरी रद्द झाली तर वेगळ्या तिकिटांची जबाबदारी कोणीच घेत नाही. एका दुकानात एका दिवशी २,००० बाटच्या वर खरेदी झाली तर पासपोर्ट दाखवून व्हॅट रिफंडचा फॉर्म तिथेच मागा, आणि एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमचा शिक्का लागतो का ते विचारून घ्या, नंतर बॅग गेली की शिक्का नाही. सुवर्णभूमीला इमिग्रेशन पार केल्यावर मधोमध समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे, फोटोसाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा.

ड्युटी फ्रीमध्ये नवऱ्याचे पाय बाटल्यांच्या काउंटरकडे वळले तर आठवण करून द्या की उतरायचंय अहमदाबादला आणि गुजरातेत दारूबंदी आहे, मुंबईच्या मित्राने आणली म्हणून आपल्याला चालत नाही. चॉकलेटं घ्या. अहमदाबादहून बडोद्याची गाडी निघायच्या आधीच सांगून ठेवा, मध्यरात्री एअरपोर्टबाहेर उभे असलेले टॅक्सीवाले चार बॅगा आणि पेंगणारी मुलं बघून वाटेल तो भाव सांगतात.